बशे आणि उठे

सभागृहाचा चोपदार म्हणजे तसं पाहिलं तर शोभेचं काम. अंगावर लाल पट्टा, हातात चांदीच्या मुठीचा दंड, आणि दिवसातून दोनदा ओरडायचं. सकाळी अध्यक्ष आसनावर टेकले की दारात उभं राहून "सभा बसली हो!" आणि संध्याकाळी अध्यक्ष "उठली" म्हणाले की त्याच दारात "सभा उठली हो!" मधला सगळा वेळ भिंतीला पाठ न लावता उभं राहायचं. चोपदाराची बायको शेजारणींना सांगायची, "लोक बसतात आणि मोठे होतात. आमचे हे, लोक बसले एवढं सांगून पाय सुजवून घरी येतात."

पण त्या ओरडण्यामागे एक जुना नियम होता. कधीकाळी एका राजाने भरल्या सभेत शिपाई घुसवले होते. तेव्हापासून असं ठरलं होतं की सभा बसलेली असेपर्यंत हत्यार घेऊन आतला उंबरा कुणी ओलांडायचा नाही. आणि सभा उठली असं कधी धरायचं? अध्यक्षांनी मनात आणलं तेव्हा नाही, तोंडाने म्हटलं तेव्हाही नाही. चोपदाराची ललकारी बाहेर ऐकू गेली की मगच. हा नियम सगळ्यांना ठाऊक होता आणि कुणाच्याच लक्षात नव्हता, कारण त्याची कधी गरज पडली नव्हती.

गरज पडली त्या दुपारी सभासद स्वतःचीच मुदत वाढवून घेत होते. निवडणूक तोंडावर आलेली. ती पुढे ढकलायची, कधी घ्यायची ते सवडीने बघू, असं ते विधेयक. बाहेरच्या चौकात विद्यार्थी आठवडाभर घसा कोरडा करत होते, आणि आत कुणी खिडकीसुद्धा उघडत नव्हतं. मग अचानक वरच्या सज्जात धावपळ झाली, आणि कठड्यावरून एकामागून एक पोरंपोरी खाली उतरू लागली. सभासद फायली टाकून पळाले. अध्यक्ष मागच्या दाराने निघाले, आणि निघता निघता चोपदाराच्या कानाशी म्हणाले, "उठली, उठली! ओरडा लवकर!"

चोपदाराने छाती भरून श्वास घेतला, मान वर केली, आणि त्याला कठड्याला लोंबकळणारी एक मुलगी दिसली. अंगात त्याचाच जुना करडा स्वेटर. पाय आधार शोधत होते आणि खाली काही नव्हतं. ती त्याची धाकटी लेक होती. सकाळी "लायब्ररीत जाते" म्हणून घरातून निघालेली.

तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. नुसती हवा बाहेर आली. धाकटी खाली पडली, गुडघा चोळत उठली, तोवर अध्यक्ष गेले होते आणि पोरांनी दारांना बाकं लावली होती.

थोड्या वेळाने बंदुका घेतलेले पोलीस उंबऱ्यापाशी आले. त्यांच्या अधिकाऱ्याने सभेच्या सचिवांना विचारलं, "सभा उठली?"

"अध्यक्ष म्हणाले उठली."

"ललकारी झाली का?"

सचिव चौकाकडे बघू लागले. चौकात लोक होते, कॅमेरे होते, सगळा देश बघत होता. अधिकाऱ्याने पाऊल मागे घेतलं.

दाराच्या आत कान लावून बसलेल्या एका पोराने हे ऐकलं. कायदा शिकणारा, काटकुळा, आणि वयाला न शोभणारी दाढी. सगळे त्याला दाढीच म्हणत. तो धावत आला आणि त्याने चोपदाराला कडकडून मिठी मारली. "काका! सभा बसलेलीच आहे! फक्त आता आपण बसलोय. तुम्ही काय केलंत कळतंय का?"

चोपदाराला नीट कळत होतं. त्याने काहीच केलं नव्हतं. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम त्याच्या घशाने परस्पर उरकलं होतं. तो खरं सांगणार होता, पण समोर धाकटी उभी होती. लहानपणी कडेवर घेतल्यावर बघायची तशी ती त्याच्याकडे बघत होती. तो गप्प बसला.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. "अहो, टीव्हीवर तुम्हाला वीर म्हणतायत."

"म्हणू दे."

"मी म्हटलं, दुसरा कुणी चोपदार असेल. आमचे तर घरात झुरळ निघालं की खुर्चीवर चढतात. बरं, धाकटी जेवली का? आणि तिचा गुडघा बघा. ती सांगायची नाही."

पोरं सभागृहात राहू लागली, आणि धाकटीपायी चोपदारही. एखाद्या घराची लागावी तशी शिस्तही लागली. झाडायचं कुणी, संडास कुणी धुवायचे, बाहेरून येणारं जेवण कुणी वाटायचं, सगळं सभा भरवून ठरायचं. अध्यक्षांच्या आसनावर रोज वेगळं कुणीतरी बसायचं. सुरुवातीला चोपदाराला हसू यायचं. चादरी कुठे वाळत घालायच्या यावर दुपारभर चर्चा! पण हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की ही पोरं एकमेकांचं शेवटपर्यंत ऐकून घेतात. इतकी वर्षं त्या दारात उभं राहून त्याने हे कधी पाहिलं नव्हतं.

आणि बाहेर देश हलला. गावोगावी विद्यार्थी बसले. कुठे कॉलेजात, कुठे नगरपालिकेत, एका ठिकाणी तर पोस्टात. मंत्र्यांचे राजीनामे पडू लागले. मुदतवाढीचं विधेयक सरकारने गुंडाळलं. आता निवडणुकीची तारीख द्यायची तेवढी राहिली होती, आणि तिथेच घोडं अडलं. सरकार म्हणे, बसलेली सभा विसर्जित करता येत नाही. आधी उठा, मग तारीख जाहीर करू. पोरं म्हणत, आधी तारीख, मग उठू.

म्हणजे सगळ्या देशाचं राजकारण एका म्हाताऱ्याच्या घशात येऊन बसलं होतं.

हे पोरांच्याही लक्षात आलं. एका सकाळी चोपदार नुसता खोकला, तर अख्खं सभागृह दचकून वळलं. दुपारी दाढी अदबीने येऊन बसला. "काका, घशाला जरा आराम द्या. बोलूच नका काही दिवस. आणि त्या दाराकडे फिरकू नका. तिथे वारं लागतं."

"वारं?"

"गार वारं."

चोपदार म्हणाला, "पोरा, बोलायला मिळावं म्हणून तुम्ही इथे बसलात ना?"

दाढी लाजला, पण उठताना त्याने धाकटीला चोपदाराजवळ बसायला सांगून ठेवलं. ती बसली. चोपदार जाईल तिथे ती मागून येऊ लागली, अगदी संडासापर्यंत.

"बाबा, दाराकडे नको."

"अगं, दारात उभं राहणं हे माझं काम आहे."

"मग रजा घ्या."

"तुझ्याकडे अर्ज करू?"

ती हसली. पण बाजूला झाली नाही.

दाराला एक छोटी झडप होती, जेवणाचे डबे आत घेण्यासाठी. एके दिवशी डब्यांच्या रांगेत सचिव येऊन उभे राहिले आणि त्यांनी चोपदाराला हाक मारली. माणूस तसा वाईट नव्हता. दोघांनी एकाच इमारतीत केस पांढरे केले होते.

"चोपदार, उद्या लष्कर येतंय. त्यांना उंबरा-बिंबरा काही कळत नाही. संध्याकाळपर्यंत सभा उठली तर एकाही पोराला हात लागणार नाही. निवडणुकीची तारीखही जाहीर होईल. शब्द देतो."

"कुणाचा शब्द?"

"त्यांनी मला दिलाय, मी तुम्हाला देतो."

"हातोहात आलेला शब्द झिजतो हो, साहेब."

"मग नका घेऊ," सचिव म्हणाले. "उद्या मुलीला उचलून न्यायला मात्र तयार राहा."

चोपदाराने हे लपवलं नाही. सगळं धाकटीला सांगितलं, तिने सभेला सांगितलं. कुणी म्हणालं ही धमकी आहे, कुणी म्हणालं खरं आहे. दाढी म्हणाला, "बसलोय तोवर आपण सभा आहोत. उठलो की प्रत्येकजण एकटा. मग आपल्याला घराघरातून उचलतील." शेवटी हात वर करून मत झालं. धाकटीने उठायच्या बाजूने हात वर केला. चोपदाराचा जीव भांड्यात पडला, पण घटकाभरच. मोजल्यावर बसणारे थोडे जास्त निघाले.

"तुला उठायचं होतं ना?" त्याने हळूच विचारलं.

"हो."

"मग चल. मागच्या दाराने काढतो तुला."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो काही घाण बोलला होता. "बाबा, मत झालंय."

पाचामुखी परमेश्वर, हे त्यालाही मान्य होतं. पण त्या पाचात त्याची एक होती. तो तिचा अजूनही सुजलेला गुडघा बघत राहिला. उद्या या पोरीला पळताही येणार नाही. बाकीची पोरं काय करतील हा विचार त्याच्या मनात आला आणि तसाच निघून गेला. मनात एकच पोरगी मावत होती.

ऊन उतरल्यावर तो उठला. "पाणी पिऊन येतो," म्हणाला. पाण्याचा माठ दाराच्या अंगाला होता. धाकटी मागोमाग आली. त्याने पेला उचललाच नाही. दारासमोर पाय जुळवून उभा राहिला आणि त्याने छातीत हवा भरली. धाकटीला कळलं. तिचा हात वर आला, त्याच्या तोंडाच्या इतका जवळ की बोटांची ऊब ओठांना लागली. आणि हात तिथेच थांबला.

"सभा उठली हो!"

इतके दिवस आराम मिळालेला आवाज होता. तो दाराबाहेर गेला, जिन्यावरून उतरला, चौकात पोचला. चौकातल्या लोकांना वाटलं जिंकलो, त्यांनी जल्लोष केला. आत कुणी हललं नाही. दाढीने हातातला चहाचा कप बाकावर जपून ठेवला, जणू तो सांडू नये एवढीच आता काळजी होती. मग एकेकाने आपापली पथारी गुंडाळली. धाकटी बापाकडे न बघता निघून गेली.

पोलिसांच्या दोन रांगांमधून पोरं चौकात आली. कुणाला बोटही लागलं नाही. सचिवांनी चोपदाराचा हात हातात घेतला. "दिला शब्द पाळला."

पाळला होता, पण तो शब्द उंबऱ्यापुरता होता. निवडणुकीची तारीख जाहीर झाली, देशाने दिवे लावले, आणि त्याच आठवड्यात पोरांना घराघरातून उचलायला सुरुवात झाली. कुणाला दाढी करताना, कुणाला जेवणाच्या ताटावरून. दाढीला त्याच्या आईसमोर नेलं. धाकटी कपड्यांची पिशवी भरून दाराकडे डोळे लावून बसली होती. तिला न्यायला कुणी आलंच नाही. चोपदाराची मुलगी म्हणून कुणीतरी तिच्या नावावर बोट ठेवून वगळलं असणार. काही दिवसांनी ती तीच पिशवी घेऊन घरातून गेली.

बायको म्हणाली, "माझी पोर वाचवलीत, अहो."

"मग तू रडतेस का?"

"वाचली कुठे? गेली की."

निवडणूक झाली. जुना पक्ष पुरात कुडाची झोपडी जावी तसा वाहून गेला. पण त्याच्या जागी एक पक्ष आला नाही, दोन आले. चोपदाराने ललकारी दिली ते बरं केलं, रक्त न सांडता निवडणूक मिळाली, असं म्हणणारे ते उठे. पोरांचं मत एका माणसाने मोडलं, बसून राहिलो असतो तर कुणी उचललं गेलं नसतं, असं म्हणणारे ते बशे. कागदावर दोघांची लांबलचक नावं होती, पण ती कुणाला आठवत नसत. दुकानात, बसमध्ये, न्हाव्याकडे एकच प्रश्न: बशे का उठे? शाळेत मास्तरांनी "उभा राहा" म्हटलं की पोरं म्हणायची, "सर, आमच्या घरी सगळे बशे." मुलगी बघायला आलेले लोक चहाआधी हेच विचारायचे. भाऊ भावाशी बोलेनासा झाला.

सत्ता उठ्यांची आली. त्यांनी चोपदाराचा सत्कार ठरवला. तो ताप आल्याचं सांगून झोपून राहिला. बशांच्या पोरांनी त्याच्या दारावर लिहिलं, 'इथे देश विकला.' बायकोने ते पुसलं नाही. "लिहिणाऱ्याचं अक्षर चांगलं आहे," म्हणाली. "आणि विकला असता तर घरात काहीतरी दिसलं असतं की."

धाकटी बशांकडून निवडून आली. हे लोकांना विचित्र वाटलं, कारण मत झालं तेव्हा तिने उठायला हात वर केला होता. कुणी तसं विचारलं की ती म्हणायची, "मी हरले होते. हरलेल्याने बसायचं असतं."

सभागृहात बाप दारात उभा आणि लेक आत बसलेली. येताजाता ती त्याला इतर सभासदांसारखी मान लववायची, ना कमी ना जास्त. तिने मांडलेला पहिलाच ठराव होता, चोपदाराची ललकारी बंद करावी. "सभा कधी उठते हे कुणा एकाच्या घशावर ठेवू नये," ती म्हणाली, "तो घसा कितीही मायेचा असला तरी." उठे आणि बशे यांचं कधी नव्हे ते एकमत झालं. आता घंटा वाजणार होती. चोपदाराला वाईट वाटायला हवं होतं. उलट खांद्यावरून कुणी गोणी उतरवावी तसं झालं.

त्या संध्याकाळी त्याने तिला जिन्यावर गाठलं.

"घरी येतेस? आई वाट बघते."

"दाढी सुटलाय. त्याच्याकडे चाललेय."

"मी येऊ?"

ती दोन पायऱ्या उतरून थांबली. मग म्हणाली, "माझा हात तुमच्या तोंडापर्यंत आला होता, बाबा. मी तो ठेवला नाही. तेही मला त्याला सांगायचंय. चला."

दाढीचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. खिडकीतून अजून उजेड येत होता. त्याची दाढी काढलेली होती, त्यामुळे तो शाळकरी पोरासारखा दिसत होता. आई कामावर गेली होती. चहा करायला धाकटी आत गेली. चोपदार समोरच्या स्टुलावर टेकला आणि पुटपुटला, "कसा आहेस, बाळा?"

"ह्या बाजूला या, काका. तो कान गेला." दाढी हसला. "आणि मोठ्याने बोला. तुम्हाला काय अवघड आहे?"

चोपदार स्टूल घेऊन दुसऱ्या बाजूला गेला. दाढीनेच विचारलं, रागाने नाही, परीक्षेत अडलेला प्रश्न विचारावा तसं. "मी तुरुंगात खूप विचार केला. खरं सांगा. धाकटी त्या दिवशी घरी असती, आणि आत फक्त आम्ही बाकीचे असतो, तर तुम्ही ओरडला असतात?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

चोपदार म्हणाला, "नाही."

"काय?"

"नाही," तो पुन्हा म्हणाला. आवाज घशातच राहिला.

"ऐकू येत नाही, काका."

चोपदाराने श्वास घेतला. "नाही!" तो म्हणाला, आणि तो आवाज भिंतीपलीकडच्या खोलीतही गेला असेल.

दाढीने मान हलवली. "वाटलंच होतं मला," म्हणाला.

धाकटी चहा घेऊन आली. तिने एक कप दाढीच्या हातात दिला, एक बापासमोर ठेवला. स्वतःचा घेऊन ती खिडकीपाशी उभी राहिली. तिघंही चहा पिऊ लागले. बाहेर खाली रस्त्यावर कुणीतरी कुणालातरी विचारत होतं, बशे का उठे, आणि दोघं हसत होते.